आधी काय पेटणार ते बघा, मग फायर एक्स्टिंग्विशर निवडा

सेफ्टीचं काम नव्याने अंगावर आलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "सगळ्यात चांगलं फायर एक्स्टिंग्विशर कुठलं?" आणि या प्रश्नाला खरंच उत्तर नाहीये, कारण ज्या सिलेंडरने एका टेबलावरची आग पाच सेकंदात विझते तोच सिलेंडर शेजारच्या टेबलावर वापरला तर आग खोलीभर पसरू शकते. मी बरीच वर्षं वर्कशॉप, लॅब, मोठी किचन, गोडाऊन अशा ठिकाणी फायरचे राउंड घेतोय आणि सगळीकडे तेच दिसतं, दारापाशी एबीसी पावडरचा, म्हणजे बऱ्याच प्रकारच्या आगींना चालणाऱ्या कोरड्या पावडरचा, लाल सिलेंडर टांगलाय, रजिस्टरला सही झालीय, विषय संपला. साध्या ऑफिसला ते चालून जातं, पण जिथे मॅग्नेशियमचा चुरा पडतो, जिथे तेल उकळतं, जिथे बॅटऱ्या चार्जिंगला लागतात, तिथे नाही चालत. म्हणून अगदी नव्या माणसाला समजेल असं, मी स्वतः ज्या क्रमाने करतो त्या क्रमाने लिहितोय.

पहिली पायरी, वही घेऊन फिरा

कॅटलॉग अजिबात उघडू नका. वही घ्या आणि जागेवर फिरा, आणि एकटे फिरू नका, जो माणूस रोज तिथे उभा राहून काम करतो त्याला सोबत घ्या. त्याला विचारायचं की इथे काय काय पेटू शकतं, किती असतं, कुठल्या रूपात असतं, आणि उष्णता किंवा ठिणगी कुठून येऊ शकते. 'कुठल्या रूपात' हे मुद्दाम म्हणतोय. लाकडाचा ओंडका आणि लाकडाचा भुसा एकच माल असला तरी आग म्हणून दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अॅल्युमिनियमचा ठोकळा पेटवायचा म्हटलं तर पेटत नाही, त्याचीच बारीक भुकटी हवेत उडाली तर स्फोट होतो. जवसाच्या तेलाने पुसलेली फडकी कोपऱ्यात बोळा करून टाकली की ठिणगीशिवाय आपोआप तापून पेटतात, आणि ही माहिती तुम्हाला मॅनेजरपेक्षा साफसफाई करणाऱ्या ताई जास्त नीट सांगतील, कारण तो बोळा त्याच उचलतात.

रात्रपाळीच्या लोकांशीही बोला. दिवसा जो ड्रम बाहेर असतो तो रात्री कुठे ठेवतात, चार्जिंग कधी लावतात, कुठलं दार कुलूपबंद असतं, हे कागदावर कुठेच सापडत नाही.

दुसरी पायरी, आगीचा क्लास लावा

वहीत लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे एक अक्षर टाका. ए म्हणजे लाकूड, कागद, कापड, रबर अशा वस्तू ज्यांचा निखारा होतो. बी म्हणजे पेट्रोल, थिनर, सोल्व्हंट, रंग असे द्रव. डी म्हणजे जळणारे धातू. इथपर्यंत जवळपास सगळीकडे सारखं आहे, पुढे गोंधळ सुरू होतो. युरोपच्या पद्धतीत सी म्हणजे गॅसची आग, अमेरिकन पद्धतीत सी म्हणजे करंट चालू असलेल्या उपकरणाची आग आणि गॅस तिथे बी मध्येच मोडतो. स्वयंपाकाच्या तेलाला युरोपमध्ये एफ म्हणतात, अमेरिकेत के. त्यामुळे दुसरीकडून आलेला सिलेंडर असेल तर नुसतं अक्षर बघून समजून घेतलं असं करू नका, शेजारचं चित्र बघा आणि खालचा मजकूर वाचा. रंगाचंही तसंच, ब्रिटनमध्ये फोमला क्रीम पट्टा, पावडरला निळा, सीओटूला म्हणजे कार्बन डायऑक्साइडला काळा, वेट केमिकलला पिवळा असतो, पण सगळे देश हेच रंग पाळत नाहीत.

करंटबद्दल एक गोष्ट. वीज स्वतः जळत नाही, जळतं ते वायरचं प्लास्टिक, ट्रान्सफॉर्मरचं तेल, पॅनलमधली धूळ. मेन स्विच बंद झाला की ती आग ए किंवा बी होते आणि तुमचे पर्याय वाढतात, पण यूपीएस आणि मोठे कपॅसिटर स्विच बंद केल्यावरही चार्ज धरून बसतात, तिथे "स्विच पाडलाय की" म्हणून पाणी मारायला जाऊ नका.

तिसरी पायरी, सिलेंडरच्या आतलं काय करतं ते समजून घ्या

हे एकदा डोक्यात बसलं की पाठ करायची गरज राहत नाही.

पाणी गार करतं, आणि निखाऱ्यावर पाण्यासारखं दुसरं काही नाही. फोम द्रवावर चादर घालतो म्हणजे वाफ वर येत नाही. सीओटू हवा बाजूला सारतो पण गार जवळजवळ करत नाही, म्हणून लाकडाची किंवा कापसाची आग सीओटूने विझल्यासारखी दिसते आणि दोन मिनिटांनी परत पेट घेते. पावडर ज्वाळेची रासायनिक साखळी तोडते, एकदम झटपट, एबीसी मध्ये मोनोअमोनियम फॉस्फेट असतं आणि बीसी मध्ये सहसा सोडियम किंवा पोटॅशियम बायकार्बोनेट, आणि हा फरक पुढे किचनमध्ये फार महत्त्वाचा ठरतो. वेट केमिकल म्हणजे पोटॅशियमच्या क्षारांचं पाणी, तेलासाठी. क्लीन एजंट म्हणजे मागे काही न सोडणारा, वीज न वाहून नेणारा गॅस. वॉटर मिस्टच्या काही सिलेंडरमध्ये क्षारविरहित पाणी अगदी बारीक थेंबांत फवारलं जातं आणि विजेच्या आगीजवळ वापरण्यासाठी त्यांची टेस्ट झालेली असते, पण लेबलवर तसं स्पष्ट लिहिलेलं असेल आणि अंतर दिलेलं असेल तरच.

चौथी पायरी, आता एकेक खास जागा

मी जास्त वेळ इथेच घालवतो, तुम्हीही घालवा.

धातूचं मशीनिंग. लेथखालच्या ट्रेमध्ये मॅग्नेशियमच्या केसासारख्या बारीक चिप्स साठल्यात. बोथट टूल घासतं, एक ठिणगी पडते आणि ट्रेच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका दिसतो, वेल्डिंगकडे नुसत्या डोळ्यांनी बघावं तसा, डोळ्यांना सहन होत नाही असा. ऑपरेटर धावत जाऊन दारापाशीचा एबीसी आणतो, जवळून हँडल दाबतो, आणि त्या जोराने पेटलेल्या चिप्स ट्रेमधून उडून मशीनमागे, कुलंट तेलावर, त्याच्याच बुटांवर पडतात. एक आग होती, आता सहा झाल्या. पाणी मारलं तर याहून वाईट, कारण मॅग्नेशियम जवळपास 3000 अंशांवर जळतं आणि पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेऊन हायड्रोजन मोकळा सोडतं. सीओटू मारला तर मॅग्नेशियम त्यातलाही ऑक्सिजन खेचतं आणि काळी काजळी मागे टाकतं, नायट्रोजनमध्येसुद्धा ते जळत राहतं. म्हणून इथे फक्त डी क्लासची खास पावडर, आणि तीसुद्धा धातू बघून. मिठावर म्हणजे सोडियम क्लोराइडवर आधारलेली पावडर मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम, अॅल्युमिनियमच्या चुऱ्याला चालते, तापल्यावर तिचं कवच बनतं. लिथियम धातूला तांब्याची पावडर किंवा ग्राफाइट वापरतात. 'डी क्लास आहे ना, झालं' असं नाही, लेबलवर तुमच्या धातूचं नाव छापलेलं हवं.

वापरायची पद्धतही वेगळी आहे. लांब दांडीचं, हळू सोडणारं नोजल असतं, पावडर बर्फ पडावा तशी अलगद टाकायची, आग पूर्ण गाडली जाईपर्यंत टाकत राहायचं, आणि मग हात लावायचा नाही. वरून शांत दिसलं तरी कवचाखाली बराच वेळ धगधगत असतं, काठीने उकरून बघितलं की परत हवा मिळते. ही पावडर बादलीतही मिळते, सोबत कोरडं फावडं ठेवायचं, ट्रे छोटा असेल तर मला वैयक्तिकरीत्या बादलीच जास्त आवडते कारण त्यात जोर नसतो. आणि कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीवर विसंबू नका, वाळूत ओल असली तर तीच पाण्याचं काम करते.

मोठं किचन. फ्रायरमधलं तेल तापत तापत साधारण 350 अंशांच्या पुढे गेलं की काडी न लावता स्वतः पेटतं. त्यात पाणी गेलं तर ते तळाला जाऊन एका क्षणात वाफ होतं, पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे 1700 पट वाढतं, आणि ती वाफ पेटतं तेल सोबत घेऊन वर उसळते. एक कप पाणी पुरेसं होतं, बादली लागत नाही. सीओटूचा झोत तेल उडवतो आणि गार करत नसल्यामुळे तेल परत पेटतं. वेट केमिकल इथे बनलंच यासाठी आहे, गरम तेलाशी मिळून त्याचा साबणासारखा फेसाळ थर बनतो, तो थर हवा तोडतो आणि पाण्याचा भाग तेल गार करतो. एबीसी पावडर आम्लधर्मी असल्यामुळे हा साबण होऊच देत नाही, म्हणून किचनच्या आत एबीसी लावून "सगळ्याला चालतं" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आधी गॅस किंवा वीज बंद, मग मीटरभर लांबून दांडीने हळुवार फवारा, आणि ज्वाळा गेल्या तरी सिलेंडर रिकामा होईपर्यंत सोडत राहा.

सोल्व्हंट आणि केमिकल. पेट्रोल, डिझेल, टोल्युइन यांना साधा फोम चालतो. अल्कोहोल, अॅसिटोन, मिथेनॉल यांना नाही, कारण हे द्रव पाण्यात मिसळतात आणि फोममधलं पाणी शोषून चादर फाडून टाकतात. त्यांना अल्कोहोल-रेझिस्टंट फोम लागतो, हे लेबलवर स्पष्ट लिहिलेलं असतं. दुसरी गोष्ट, जुन्या एएफएफएफ म्हणजे द्रवावर पातळ थर पसरवणाऱ्या फोममध्ये पीएफएएस नावाची निसर्गात विघटन न होणारी केमिकल्स असतात, बऱ्याच ठिकाणी ते बंद होत चाललंय, नवीन घेताना फ्लोरीन नसलेला फोम विचारा, पण तो तुमच्या द्रवावर टेस्ट झालाय का हेही त्याच वाक्यात विचारा.

लॅबमध्ये आणि पाणी शुद्ध करायच्या केमिकलच्या गोडाऊनमध्ये ऑक्सिडायझर असतात, नायट्रेट, हायड्रोजन पेरॉक्साइड, कॅल्शियम हायपोक्लोराइट वगैरे. यांच्या पोटातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे हवा तोडणारा सीओटू इथे निरुपयोगी. आणि क्लोरीनच्या पावडरवर किंवा गोळ्यांवर एबीसी कधीच नाही, त्यातलं अमोनियम क्लोरीनवाल्या केमिकलशी रिअॅक्शन करून विषारी आणि स्फोटक पदार्थ बनवू शकतं. इथे भरपूर पाणी लागतं, जे हातातल्या सिलेंडरमधून येत नाही, म्हणजे इथलं खरं उत्तर होज रील, फायर ब्रिगेडला फोन आणि माणसं बाहेर.

सर्व्हर रूम आणि कंट्रोल पॅनल. पावडरने आग विझेल, पण ती बारीक धूळ प्रत्येक फटीत शिरून ओल धरते आणि सर्किट गंजवते, जे आगीतून वाचलं ते पावडरने गेलं, आगीतून फुफाट्यात. इथे सीओटू किंवा क्लीन एजंट. पूर्वी हॅलॉन नावाचा गॅस असायचा, काम उत्तम करायचा पण ओझोनचा थर खायचा, 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर त्याचं उत्पादन बंद होत गेलं, अजूनही कुठे जुना सापडला तर तो हवेत सोडू नका, अधिकृत माणसाकडे परत द्या.

सीओटू घेताना खोलीचा आकार मोजा. 2 किलो सीओटू म्हणजे साधारण 1 घनमीटर गॅस होतो. 2 मीटर बाय 2 मीटरची, अडीच मीटर उंचीची बंद खोली म्हणजे 10 घनमीटर, म्हणजे एक छोटा सिलेंडर रिकामा केला की हवेत जवळपास 10 टक्के सीओटू, आणि तेवढ्याने माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. अशा खोलीत दारात उभं राहून मारायचं, पाठीमागे मोकळी वाट ठेवून, आणि विझल्यावर लगेच आत शिरायचं नाही.

लिथियम-आयन बॅटरी. इथे नाव फसवतं. लिथियम म्हटल्यावर लोक डी क्लासची पावडर मागवतात, पण या बॅटरीत धातूरूपातलं लिथियम जवळजवळ नसतंच. इथला प्रॉब्लेम असा की एक सेल बिघडून तापते, तिच्या उष्णतेने शेजारची तापते, आतूनच ऑक्सिजन आणि जळणारे गॅस सुटतात, आणि ही साखळी गार केल्याशिवाय थांबत नाही. पावडर आणि सीओटू ज्वाळा दाबतात, सेल तापतच राहते. फोन किंवा लॅपटॉपएवढं असेल तर प्लग काढलेल्या अवस्थेत भरपूर पाणी उपयोगी पडतं, व्हर्मिक्युलाइट नावाचं खनिज मिसळलेल्या पाण्याचे खास सिलेंडरही मिळतात. पण फोर्कलिफ्ट किंवा बॅटरी रॅकएवढं मोठं असेल तर हातातला सिलेंडर घेऊन लढू नका, माणसं बाहेर काढा आणि दार लावा. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड असू शकतो, दोन श्वास घेऊन बघण्यासारखा तो धूर नाही. आणि विझलेली बॅटरी काही तासांनी, कधी कधी काही दिवसांनी परत पेटते, म्हणून ती बिल्डिंगच्या आत ठेवायची नाही. माझा आग्रह कायम एकच असतो, चार्जिंगची जागा बाहेर पडायच्या वाटेवर नको.

धूळ. सुतारकाम, पीठ, साखर, प्लास्टिकची भुकटी. छोटीशी धुमसणारी आग दिसते आणि माणूस जोरात झोत मारतो, साचलेली धूळ हवेत उडते आणि तोच निखारा तिला पेटवतो. पहिल्या छोट्या स्फोटाने छतावरची, बीमवरची धूळ खाली येते आणि दुसरा स्फोट पहिल्यापेक्षा मोठा असतो. इथे पाण्याचा हलका फवारा, लांबून, धूळ न उडवता. धातूची धूळ असेल तर पाणीही नाही, वर मॅग्नेशियमचं सांगितलं तेच लागू.

एमआरआय रूम. नेहमीचा सिलेंडर स्टीलचा असतो आणि एमआरआयचा चुंबक चोवीस तास चालू असतो, मशीन बंद दिसत असतानासुद्धा. आत नेलेला सिलेंडर हातातून निसटून गोळ्यासारखा मशीनकडे जातो, मध्ये पेशंट असेल तर विचार करा. नॉन-मॅग्नेटिक, एमआर म्हणून मार्क केलेलाच सिलेंडर तिथे हवा, आणि भरायला नेल्यावर बदली म्हणून साधा ठेवून जातात ना, तो प्रकार इथे अजिबात होऊ देऊ नका.

गॅस. गळणाऱ्या गॅसची ज्वाळा नुसती विझवली तर गॅस साठत राहतो आणि पुढे स्फोट होतो. आधी व्हॉल्व्ह बंद करायचा. व्हॉल्व्हपर्यंत पोहोचता येत नसेल तर ज्वाळा तशीच राहू द्या, आजूबाजूचं गार ठेवा आणि बाहेर पडा.

पाचवी पायरी, साइज आणि जागा

लेबलवर 13ए, 113बी असे आकडे दिसतील, ते शोभेचे नसतात. युरोपियन टेस्टमध्ये 13ए म्हणजे 1.3 मीटर लांबीचा लाकडांचा रचलेला ढीग विझवला, 113बी म्हणजे 113 लिटरचं द्रवाचं पेटतं भांडं विझवलं. त्यामुळे दोन सिलेंडरचं वजन सारखं असलं तरी ताकद वेगळी असू शकते, किलो बघून नका घेऊ, रेटिंग बघा. त्याच वेळी उचलणारा माणूसही बघा, 9 किलोची पावडर म्हणजे सिलेंडरसकट त्याहून बरंच जास्त वजन, ज्याला ते झेपणार नाही त्याच्याजवळ 6 किलोचे दोन लावलेले बरे.

जागेचं म्हणाल तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं व्हायला नको, पण अगदी फ्रायरच्या डोक्यावरही नको, आग लागल्यावर तिथे हात घालता आला पाहिजे. बाहेर पडायच्या वाटेवर, धोक्यापासून थोडं अलीकडे. अमेरिकन स्टँडर्डमध्ये किचनच्या तेलासाठी चालत 9 मीटरच्या आत, साध्या ए आगीसाठी 23 मीटरच्या आत असं धरतात, तुमच्याकडचा नियम बघून घ्या आणि अंतर नकाशावर पट्टी ठेवून न मोजता रॅकला वळसा घालत पायाने मोजा. कोल्ड स्टोरेजमध्ये साधं पाणी गोठतं. उलट उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये सीओटूच्या सिलेंडरमधलं प्रेशर खूप वाढतं आणि सेफ्टी डिस्क फुटून तो रिकामा होऊ शकतो. लेबलवर तापमानाची रेंज असते, ती वाचा.

सहावी पायरी, हातात देऊन बघा

लोकांना हे माहीतच नसतं की 6 किलोचा पावडर सिलेंडर साधारण 10 ते 15 सेकंदात संपतो. पहिले पाच सेकंद पिन शोधण्यात आणि घाबरण्यात गेले की उरलं काय? म्हणून वर्षातून एकदा तरी प्रत्येकाच्या हातात द्या, पिन ओढायला लावा, ज्वाळेच्या मुळाशी नेम धरायला लावा, हँडल दाबून डावी-उजवीकडे फिरवायला लावा. सीओटूचा हॉर्न, म्हणजे गॅस बाहेर पडतो तो भोंगा, पकडायचा नाही हे बोलून समजत नाही, सोडल्यावर त्यावर पांढरा बर्फ जमताना दाखवा, तो गॅस उणे 78 अंशांपर्यंत जातो, उघड्या हाताने धरला तर कातडी चिकटते. एका प्रॅक्टिसमध्ये एका मुलीने तो बर्फ बघून विचारलं, "मग धरायचं कुठे?" हाच प्रश्न खऱ्या आगीत पडला असता. उत्तर असं की खाली इन्सुलेटेड पकड असते, ती नसेल तर हॉर्न आधीच वाकवून ठेवायचा आणि हँडलच धरायचं.

सातवी पायरी, महिन्यातून एक फेरी

गेजचा काटा हिरव्यात, सील शाबूत, होजला चिरा नाहीत, समोर खोकी रचलेली नाहीत, एवढं बघायला सिलेंडरमागे अर्धा मिनिट लागतो. सीओटूला गेज नसतो हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, तो वजन करूनच कळतो, आतल्या गॅसचं वजन 10 टक्क्यांहून जास्त घटलं की भरायला पाठवायचा.

प्रत्येक सिलेंडरच्या वर मोठ्या अक्षरात लिहा की हा कशावर मारायचा आणि कशावर मारायचा नाही, 'फक्त तेल', 'फक्त धातूचा चुरा', असं, तिथल्या लोकांच्या भाषेत. आणि ज्याने कोणी एकदा हँडल दाबलं, अगदी गंमत म्हणून सेकंदभर दाबलं तरी, तो सिलेंडर परत खुंटीवर जाणार नाही हे सगळ्यांना सांगून ठेवा, पावडर सीलमध्ये अडकते आणि रात्रीतून प्रेशर हळूहळू निघून जातं. दाबल्याबद्दल कोणाला रागावू नका, रागावलात तर पुढच्या वेळी तो गपचूप परत टांगेल आणि तुम्हाला कळणारही नाही.